टिचकीताईचे सहा हजार फोटो

८ जुलै
वर्गात शिरले तर पुढच्या बाकावरचे दोघं उठून उभे राहिले. त्यांना मी शिकवणारी वाटले. मग खरे सर आले, ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सगळे हसले, मीही हसले, आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

पहिला तासभर हात कुठे ठेवायचे तेच कळेना. सतरा वर्षं हे हात मोकळे नव्हते. काचेच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मिनिटाला वीस बाटल्या हातातून जायच्या. उचल, तोंडावरून बोट फिरव, टिचकी मार, ऐक, मग ठेव नाहीतर फेक. इथे मात्र संगणकाचा एक उंदीर हलवायचा आणि डोळे पडद्यावर.

चारपैकी दोन भट्ट्या बंद झाल्या तेव्हाच ठरवलं होतं. कॅमेरे येणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. ते आल्यावर दाराबाहेर उभं राहण्यापेक्षा आधीच त्यांच्या बाजूला जाऊन बसावं. जुनी संख्याशास्त्राची पदवी होती, ती झटकून काढली आणि डेटा सायन्सच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. शहाणपणाच केला. तरी मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडले. शेजारच्या टिचकीताईला त्या टेबलावर एकटं टाकून आले, दुसरं काही नाही.

२३ जुलै
टिचकीताईचा फोन. ती कधी मेसेज लिहीत नाही, आपली बोलते. "काय गं, पाटी-पेन्सिल घेतलीस का?" टेबलाची प्रमुख आहे ती, वय पंचावन्न, मला हे काम तिनेच शिकवलं. टिचकी अशी मारायची की भट्टीच्या आवाजातही बाटली काय बोलली ते तिला ऐकू यायचं, म्हणून सगळा कारखाना तिला टिचकीताई म्हणतो. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल.

तिला म्हटलं, ताई, माझ्या जागी कोण आलंय? म्हणाली, "कुणी नाही. तुझी खुर्ची आहे अजून. मी पिशवी ठेवते तिच्यावर."

१९ ऑगस्ट
आज भांडण केलं. सरांनी सांगितलं, सगळ्यांहून वेगळ्या पडणाऱ्या नोंदी आधी काढून टाकायच्या, त्या गणित बिघडवतात. मी हात वर केला. म्हटलं, सर, आमच्याकडे त्या एका वेगळ्या बाटलीसाठीच तर अख्खं टेबल होतं. बाकीच्या एकोणीस काय, त्या कुणीही उचलल्या असत्या.

सर भले आहेत, म्हणाले, "हे तुम्ही परीक्षेत लिहा." नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "कॉलेजकुमारी, पहिल्याच चाचणीत नापास होशील." तो वायरमन आहे, त्याच्या मते शॉक बसल्याशिवाय कुणी काही शिकत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार
प्रकल्प ठरला. कारखान्याच्या साहेबांनी नव्या कॅमेऱ्याने काढलेले बाटल्यांच्या तोंडांचे फोटो द्यायचं कबूल केलं. अट एकच, अहवालाची एक प्रत त्यांना द्यायची. प्रत्येक फोटोवर जाणत्या माणसाने सांगायचं, बाटली चांगली की फेकायची. मग यंत्र ते बघून शिकणार.

जाणतं माणूस म्हणजे कोण, हे मला विचारायची गरज नव्हती. संध्याकाळी ताईकडे गेले. ती दोन जिने वर राहते. ती खाली भाजी घ्यायला आलेली दिसली म्हणून रस्त्यापलीकडून हात केला, पण तिचं लक्षच नव्हतं. अगदी जवळ जाऊन "ताई" म्हटलं तेव्हा कुठे, "अगं तू!" म्हणून गळ्यात पडली.

फोटोंचं ऐकून म्हणाली, "फोटो बघून बाटली कशी सांगायची गं? बाटली हातात पाहिजे." मी समजावलं. म्हटलं, ताई, तुझ्याइतकं दुसरं कुणाला कळत नाही, तुझं ज्ञान कायमचं राहील त्या यंत्रात. ती म्हणाली, "तुझं शिक्षण अडलंय का माझ्यावाचून?" म्हटलं, हो. "मग ये रविवारी."

३ नोव्हेंबर, रविवार
पहिले आठशे फोटो झाले. मी फोटो पुढे सरकवायचा, ताईने "चांगली" किंवा "फेक" म्हणायचं, मी बटण दाबायचं. तिने मध्येच विचारलं, "तुला काय दिसतंय?"

मी सांगितलं नाही. सरांची सक्त ताकीद आहे, सांगणाऱ्याला आपलं मत कळू द्यायचं नाही, नाहीतर सगळा डेटा बाटतो. ताईला तसं म्हटलं. ती हसली, "बरं बाई, परीक्षा आहे तर." मग फोटो मोठे करून दाखव म्हणाली. केले. तिची खुर्ची पडद्याच्या इतकी जवळ की मला मान वाकडी करून बघावं लागत होतं.

चहा तिनेच केला. ओतताना तिचं एक बोट कपाच्या कडेवरून आत वाकलेलं असतं, चहा बोटाला लागला की थांबते. वर्षानुवर्षं कडांवरून बोट फिरवून जडलेली खोड, घरातही सुटत नाही. मी तिला चिडवलं.

१७ नोव्हेंबर, रविवार
आजचं काम रेंगाळलं. काही फोटोंवर तोंडाच्या कडेला केसासारखी रेघ होती. मला तो तडा वाटला, ताई म्हणाली, "चांगली." मी गप्प बसले. साच्याची रेघही तशीच दिसते आणि फरक कळणारी ती, मी नाही. सतरा वर्षं तिच्या एका शब्दावर बाटल्या फेकल्यात, आता काय विचारायचं?

सरांनी सांगितल्याप्रमाणे तीनशे जुने फोटो नव्यांमध्ये मिसळले आहेत. माणूस स्वतःशी तरी सहमत असतो का, ते यावरून कळतं. सांगणाऱ्याला हे कळू द्यायचं नाही, कळलं तर तपासणीला अर्थ उरत नाही. ताईच्या शेजारी बसून तिला न सांगता हे करताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. पण पद्धत म्हणजे पद्धत.

१ डिसेंबर, रविवार
तासाभरातच ताईचे डोळे पाणावले. "कांदा चिरला होता सकाळी," म्हणाली. मी म्हटलं, पुरे आज. तर हट्टाने, "नाही, तुझं अडेल."

जुन्या गप्पा निघाल्या. दरवर्षी डोळ्यांची तपासणी व्हायची तेव्हा डॉक्टर तोच तक्ता घेऊन यायचे, आम्हा सगळ्यांना तो खालच्या ओळीपर्यंत पाठ. मी अजून म्हणून दाखवला. ताई मला मागे टाकून उलटा म्हणाली, खालून वर. पोट धरून हसलो दोघी. मग एकदम तिने विचारलं, "तुझं ते यंत्र शिकलं की टेबल काढतील का गं?" मी म्हटलं, छे, हा कॉलेजचा प्रकल्प आहे, कोण विचारतंय त्याला. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत म्हणाली. मला ठाऊक आहे, म्हटलं.

२२ डिसेंबर, रविवार
झाले. सहा हजार आणि वर ते तीनशे. आठ रविवार. शेवटच्या फोटोला ताईने हुश्श केलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मोठी हो," म्हणाली. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला! उतरताना बघितलं, ती भिंतीला हात लावून लावून जिन्यापर्यंत सोडायला आली. गुडघे दुखत असणार.

९ जानेवारी
तीनशेचा हिशेब केला. ताईचं चोवीस वेळा स्वतःशीच जमलेलं नाही. आधी "चांगली", नंतर "फेक", किंवा उलट. त्यातल्या वीस बाटल्या केसासारख्या तड्याच्या. त्या तीनशेत असे फोटो सगळे मिळून चाळीसच होते. म्हणजे तड्याच्या बाबतीत छापा-काटा केल्यासारखं.

माझा विश्वासच बसेना. पुन्हा पुन्हा मोजलं. सर म्हणाले, "थकवा. माणूस कंटाळतो. लिहा तसं." ताई कंटाळत नाही, हे मी म्हटलं नाही. मीच तर बघितलं होतं तिला दमलेलं. तक्ता क्रमांक सात म्हणून टाकला, खाली एक वाक्य लिहिलं: तपासनीसाच्या निर्णयांमध्ये सूक्ष्म तड्यांबाबत सातत्य नाही. नीटनेटकं, छापील वाक्य. सरांनी त्याच्याखाली बरोबरची खूण केली. खरं सांगायचं तर मला तेव्हा अभिमान वाटला.

११ फेब्रुवारी
सादरीकरण झालं. यंत्र शंभरातल्या एक्क्याण्णव फोटोंना ताईसारखंच उत्तर देतं. टाळ्या. सर म्हणाले, कारखान्यात काम केल्याचा हा फायदा, तुम्हाला प्रश्न कुठे आहे ते माहीत होतं. साहेबही आले होते. मी सही केलेली प्रत घेऊन गेले.

ताईला फोन केला. "एक्क्याण्णव? मला एवढे कधीच पडले नाहीत," म्हणाली. खूप खूश होती.

२० मार्च
साहेबांनी माझं यंत्र मागून घेऊन लावलं. भट्टीच्या पुढच्या सरकत्या पट्ट्यावर कॅमेरा, आणि टेबल काढून गोदामात. ताईला बाटल्यांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलंय.

हे मला तिने सांगितलं नाही. नवऱ्याला तिकडे वायरिंगचं काम होतं, तो बघून आला. परवा जेवताना म्हणाला, "तुझी टिचकीताई चिठ्ठ्या उलट्या लावते. मुकादम ओरडत होता तिच्यावर." मी विचारलं, तू काही बोललास का तिच्याशी? म्हणाला, "मी समोर उभा होतो, तिने ओळखच दिली नाही. रागावली असेल आपल्यावर."

रागावली असेल तर तिचं बरोबर आहे. दोन दिवस फोन हातात घेतेय आणि ठेवतेय. कॉलेजचा प्रकल्प आहे, कोण विचारतंय, असं मीच म्हटलं होतं. माझा हा भित्रेपणा मलाच आवडत नाही, पण आहे.

२९ एप्रिल
साहेबांचा फोन, ताबडतोब या. गेले. औषधाच्या बाटल्यांचा एक अख्खा माल परत आला होता. झाकण बसवताना तोंडं तडकली, एका कामगाराचा हात कापला. साहेब म्हणाले, "तुमच्या यंत्राने या सगळ्या पास केल्यात."

गोदामात परत आलेल्या, न वापरलेल्या बाटल्यांचे ढीग होते. एक उचलली. उजेडात धरली, काही दिसेना. फिरवून फिरवून बघितली, नाही. मग हात आपोआप कामाला लागला आणि बोटाखाली तो लागला. तडा. दुसरी घेतली. डोळे मिटूनच घेतली. लागला.

जुन्या टेबलाची नोंदवही मागून घेतली. गेल्या चार वर्षांत तड्यासाठी एकही माल परत आलेला नाही. चार वर्षं! त्यातले शेवटचे आठ महिने ताई त्या टेबलावर एकटी होती. आणि फोटोत तिला छापा-काटा करावा लागत होता.

मग एकेक आठवायला लागलं आणि थांबेना. रस्त्यापलीकडून केलेला हात. पडद्याला चिकटलेली खुर्ची. पाठ असलेला तक्ता. भिंत धरून जिन्यापर्यंत येणं. तो चहा, देवा, मी तिला चिडवलं होतं. "तुला काय दिसतंय?" असं तिने मला विचारलं होतं. तिच्या आयुष्यात तिने कुणाकडे मागितलेली ती एकच मदत असेल आणि मी तिला पद्धत सांगितली.

तिला दिसत नाही. वर्षानुवर्षं दिसत नाही. ती बोटांनी आणि कानांनी काम करत होती आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं करत होती. मी तिच्या हातातून बाटली काढून घेतली, समोर फोटो ठेवला आणि म्हटलं, सांग. तिने माझं अडू नये म्हणून सांगितलं.

३० एप्रिल
साहेबांच्या खोलीत तासभर होते. म्हटलं, टेबल परत लावा, ताईला परत बसवा, ती हाताने ओळखते. साहेब रागावलेले नव्हते, तेच वाईट. अहवाल उघडून म्हणाले, "हे यात कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, लिहिलेलं नाही. स्पर्शाचा रकानाच नव्हता.

"यात लिहिलंय की त्यांना तडे कळत नाहीत. तुम्हीच मोजलंय. चुकीची उत्तरं त्यांनी दिली म्हणून यंत्र चुकीचं शिकलं, असंच ना?" मी म्हटलं, चूक माझी आहे, विचारायची पद्धत चुकली. नोंदवही पुढे केली, चार वर्षं, एकही माल नाही. ते म्हणाले, नोंदवही तुमच्या ताईंचीच आहे, त्यांच्याच हाताखाली भरलेली. तुमचा अहवाल बाहेरचा आहे, निःपक्षपाती आहे. शिवाय मला वरच्या साहेबांना उत्तर द्यायचंय.

ताईचे डोळे अधू आहेत हे मी सांगितलं असतं तर? तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. नाही सांगितलं तर ती निष्काळजी ठरते. दोन्ही रस्ते मीच बांधलेत, आणि दोन्ही तिच्या घराकडे जातात. मी सांगितलं नाही. ते तरी तिचं तिच्यापाशी राहू दे.

सरांना फोन केला. म्हणाले, "मी खूण केली होती त्या वाक्याखाली." आज संध्याकाळीच साहेबांना लेखी कळवतो म्हणाले. भला माणूस. पण त्यांच्या कागदाने काही होईल असं मला वाटत नाही.

६ मे
काही झालं नाही. ताईला कामावरून कमी केलं. मुकादमाने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने मला. नवरा म्हणाला, "तू मुद्दाम केलंस का? नाही ना?" मुद्दाम केलं असतं तर निदान तिच्याकडे बघून तरी केलं असतं. मी बघितलंच नाही. आठ रविवार तिच्या शेजारी बसून पडद्याकडे बघत होते.

११ मे, रविवार
गेले. दार तिनेच उघडलं, "कोण?" म्हणाली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी. "मी आहे, ताई." तिचा चेहरा फुलला. मी तिथेच रडायला लागले असते, पण तिने हाताला धरून आत नेलं.

मी माफी मागायचं सगळं पाठ करून आले होते. पहिलं वाक्य काढायच्या आत तीच म्हणाली, "बरं झालं आलीस. कारखान्याचा कागद आलाय. चष्मा कुठे ठेवलाय सापडत नाही, वाचून दाखव जरा." ताईकडे चष्मा कधीच नव्हता.

दोन पानी पत्र होतं. मी वाचायला लागले. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल, वगैरे. परत आलेल्या मालाबद्दल. मग माझंच वाक्य आलं, अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं. तपासनीसाच्या निर्णयांमध्ये सूक्ष्म तड्यांबाबत. मी थांबले.

"अक्षर बारीक आहे का?" ताई म्हणाली. "खिडकीपाशी जा."

खिडकीपाशी गेले आणि वाचलं. पूर्ण वाक्य. खाली अहवालाचं नाव होतं आणि सही करणारी म्हणून माझं नाव होतं. ते गाळता आलं असतं, तिला कळलं नसतं. मी वाचलं.

ताईचे हात मांडीवर होते, मोकळे. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तू लिहिलंयस होय. मग बरोबरच असणार."

"नाही गं ताई," मी म्हटलं. "अर्धंच बरोबर आहे ते. तुझे हात त्यात नाहीतच. मी अर्धंच लिहिलं."

तिने माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, नवीन आलेल्या पोरीला विचारावं तसं तिने मला विचारलं.

"मग सही कशी केलीस?"